‘आवर’ या शब्दातली त्रेचाळीस कामं

कळंबहून येडशीकडं निघालं की अकरा किलोमीटरवर एक फाटा लागतो. फाट्यापासून दीड किलोमीटर आत चांगुणाचं गाव. गावच्या अंगणवाडीत ती मदतनीस आहे. म्हणजे घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, नाकं पुसायची, खिचडी शिजवायची आणि सेविकाबाई रजिस्टर लिहीत असताना पंचवीस पोरांना एका जागी बसवून ठेवायचं. वय एक्कावन्न. शिक्षण सातवी, आणि सातवीतही मराठीत काठावर पास. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की मराठीतला एक साधा, रोजचा शब्द चांगुणानं जितका उसवून पाहिला तितका एखाद्या भाषेच्या प्राध्यापकानंही पाहिला नसेल. तो शब्द म्हणजे ‘आवर’.

कुठल्याही घरात सकाळच्या वेळी उभं राहा, हा शब्द दहादा तरी कानावर पडेल. ‘आवर गं लवकर.’ ‘आवरलं का?’ ‘तुझं आवरणं कधी व्हायचं?’ म्हणणाऱ्याला वाटतं, आपण एक काम सांगितलं. ऐकणारा कुरकुरत उठतो आणि आवरतो. कसं आवरलंस, असं त्याला कुणी विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही, कारण त्याचा विचार करायची पाळी त्याच्यावर कधी आलेलीच नसते. चांगुणाच्या मुलीवर मात्र ती पाळी रोज सकाळी यायची.

मुलीचं नाव रोहिणी. आज ती सत्तावीस वर्षांची आहे. लहानपणी बोलायला उशीर लागला. साडेचार वर्षांची असताना तिनं एसटीच्या पाटीकडं बोट करून ‘कळंब’ असं स्वच्छ वाचलं, तेव्हा अजून ती ‘आई’सुद्धा म्हणत नव्हती. पुढं बोलायला लागली तीही पुस्तकासारखं. गावात सगळे ‘न्हाय’ म्हणतात, रोहिणी ‘नाही’ म्हणते. हरभऱ्यातले खडे वेचायला बसवलं तर तीन तास मान वर करायची नाही, आणि नंतर त्या हरभऱ्यात दाताखाली यायला एक खडा सापडायचा नाही. पण तीच पोरगी, ‘आवर, निघायचंय’ म्हटलं की एका पायात चप्पल घालून दारात उभी राहायची. दुसरी चप्पल समोर दिसत असायची. वीस मिनिटांनी बघावं तर तशीच.

नातेवाइकांनी निकाल लावून टाकला होता. ‘पोरगी हुशार हाय, पण उरक न्हाय.’ लग्नाला गेलं, बारशाला गेलं, कुणाच्या मातीला गेलं, तरी हे वाक्य चांगुणाची वाट बघत बसलेलं असायचंच. कुणी आळशी म्हणे, कुणी हट्टी. नवरा व्यंकट होता तोवर तो लोकांना गप्प करायचा. अकरा वर्षांपूर्वी तो आजारानं गेला आणि घरात दोघीच राहिल्या. एकदा शाळेची सहल निघायची होती, जीपवाला हॉर्न वाजवत होता आणि रोहिणी हातात कंगवा धरून भिंतीकडं बघत उभी होती. चांगुणानं तिच्या पाठीत धपाटा घातला. रोहिणी रडली नाही, तिनं कंगवा तेवढा घट्ट धरला. त्या धपाट्याची चांगुणाला आजही लाज वाटते, आणि विचारणाऱ्याला ती तसं सांगतेही.

एवढं सगळं असून रोहिणी दहावी झाली, एकसष्ट टक्क्यांनी. बारावीला मात्र प्रयोगाच्या परीक्षेत ‘आता हे आवरा आणि दुसऱ्या टेबलावर जा’ असं मास्तर म्हणाले, आणि ती पहिल्याच टेबलापाशी उभी राहिली; बारावी तिथंच सुटली.

ती एकोणीस वर्षांची असताना धाराशिवला अंगणवाडीच्या बायकांचं एक प्रशिक्षण झालं. लहान मुलांची वाढ नीट होतेय का, हे कसं ओळखावं, असा विषय होता. शिकवायला राजेश्वरी मॅडम म्हणून मानसतज्ज्ञ होत्या. त्यांनी पडद्यावर ऑटिझमची लक्षणं दाखवली. हाक मारली तर ओ देत नाही, एकाच गोष्टीत रमतं, ठरलेल्यात बदल झाला की बिथरतं, नजर चुकवतं. बाकीच्या बाया वहीत उतरवून घेत होत्या. चांगुणाच्या वहीत एक अक्षर उमटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

“मॅडम, हे लेकरू माझ्या घरी हाय,” ती म्हणाली. “फकस्त एकोणीस वर्साचं हाय.”

मॅडमनी पुढच्याच आठवड्यात दोघींना बोलावून घेतलं. तीन खेपा झाल्या. मॅडमनी रोहिणीला काय विचारायचं ते रोहिणीलाच विचारलं, आईला नाही. चांगुणाला हे फार आवडलं. शेवटच्या खेपेला त्यांनी नाव सांगितलं, ऑटिझम, आणि मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात हेही सांगितलं. तो मराठी शब्द चांगुणाला पटला नाही, अजूनही पटत नाही. “सोतामंदी मग्न कुठं हाय वो ती? हरभऱ्यात मग्न हाय, एसटीच्या टायमात मग्न हाय,” असं तिचं म्हणणं.

मग चांगुणानं एकोणीस वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. एवढी हुशार पोरगी चप्पल घालताना का थांबते?

“मेंदूत एकच जागा सगळी कामं करत नाही,” मॅडम म्हणाल्या. “बघायची जागा वेगळी, ऐकायची वेगळी, हातपाय हलवायची वेगळी. कपाळाच्या मागं जो भाग आहे तो मुकादम समजा. आधी काय, मग काय, कुठं थांबायचं, ऐनवेळी बदल झाला तर काय करायचं, हे बरंचसं तो बाकीच्यांना कळवतो. ऑटिझम असला की या जागांना जोडणारे रस्ते वेगळ्या तऱ्हेनं पडलेले असतात. काहींच्यात जवळजवळचे रस्ते दाट आणि लांबचे विरळ दिसतात, काहींच्यात उलटंही दिसतं. प्रत्येकाचं वेगळं. आम्हालाही अजून सगळं कळलेलं नाही, त्यामुळं छातीठोकपणे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण रोहिणीला काम येत नाही, असं नाही. मुकादमाचा निरोप पोचायला अडतो.”

चांगुणा म्हणाली, “म्हंजे थेट गाडी न्हाय. बदलून बदलून जावं लागतंय.”

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. “हे वाक्य मी पुढं दुसऱ्या आयांना सांगू का?”

“सांगा की,” चांगुणा म्हणाली.

त्या मुकादमाच्या कामाला इंग्रजीत एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात आणि मराठी पुस्तकात ‘कार्यकारी कार्य’ असं काहीतरी लिहितात, असं मॅडम जाता जाता म्हणाल्या. “आमच्याकडं त्याला उरक म्हंत्यात,” चांगुणा म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यानं चपापली. म्हणजे एवढी वर्षं नातेवाईक जे बोलत होते ते नेमकं बरोबरच होतं! फक्त त्यात पोरीची काही चूक नव्हती. येताना एसटीत ती खिडकीबाहेर तोंड करून रडली आणि फाटा यायच्या आत डोळे पुसून मोकळी झाली.

निघताना मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला होता. “सकाळी तुम्ही तिला काय सांगता?”

“आवर म्हंते.”

“आवर म्हणजे काय काय?”

चांगुणानं बोटं मोजायला सुरुवात केली, आणि दोन्ही हात संपले तरी ती अजून न्हाणीतच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली, एक वाटी हरभरे घेतले आणि स्वतःचंच आवरायला लागली. एक काम झालं की एक हरभरा दुसऱ्या वाटीत. पोरांना आकडे शिकवायची अंगणवाडीतली हीच रीत आहे. अंथरूण झटकलं, हरभरा. घडी घातली, हरभरा. बादली नळाखाली ठेवली, नळ सोडला, नळ बंद केला. हा नळ बंद केल्याचा हरभरा टाकायला ती विसरली होती. मग तिला वाटलं, आपण विसरलो तर पोरगी तिथंच अडेल, आणि तिनं परत जाऊन तो टाकला. वेणी घालायला चार हरभरे लागले. दार ओढून अंगणात आली तेव्हा वाटीत त्रेचाळीस हरभरे होते. ती वाटी घेऊन पायरीवर बसली. आपण त्या पोरीच्या अंगावर रोज सकाळी एवढं ओझं एका शब्दात फेकत होतो आणि वर म्हणत होतो, लवकर!

मग पत्त्यांचं काम सुरू झालं. लग्नसराई नुकतीच संपली होती, घरात लग्नपत्रिकांचा ढीग पडला होता. जाड कागद, मागची बाजू कोरी. चांगुणानं कात्रीनं त्यांचे सारखे तुकडे केले. ज्या पाहुण्यांनी मांडवात पोरीकडं बघून चुकचुकाट केला होता त्यांच्या पत्रिका तिनं आधी कापल्या, आणि त्यात तिला जरा समाधानही वाटलं. एका तुकड्यावर एक काम, मोठ्या अक्षरात, की झाला एक पत्ता. भिंतीला दोरी बांधून चिमट्यांनी ते ओळीनं लावले. काम झालं की रोहिणीनं पत्ता उलटा करायचा.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. चांगुणा आधी अंगणवाडीत गेली होती, रोहिणीनं मागून तिथंच यायचं होतं. साडेआठला घरी डोकावली तर रोहिणी पिशवी खांद्याला लावून, चप्पल घालून, बंद दाराच्या आतल्या बाजूला उभी. पत्त्यावर ‘दार लाव’ असं लिहिलं होतं. तिनं दार लावलं होतं. ‘बाहेर ये’ हा पत्ता त्याच्या आधी कुठंच नव्हता. पूर्वीची चांगुणा असती तर कपाळावर हात मारला असता. या वेळी तिनं पत्रिकेचा नवा तुकडा कापला. चूक पत्त्याची होती.

सहा महिन्यांत ती या शास्त्रात इतकी तरबेज झाली की अंगणवाडीत कुणी ‘जरा आवरा इथलं’ म्हटलं तरी तिच्या मनात पत्ते पडायला लागायचे. ‘जरा’ हा शब्द तर तिनं घरातून हद्दपारच केला.

रोहिणीला कळंबला काम मिळालं ते चार वर्षांपूर्वी. शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या एका कंपनीत कृष्णराज नावाचा माणूस बियाण्याचं काम बघतो. घरचं सोयाबीन पेरायचं तर आधी त्याची उगवण तपासावी लागते. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, रोज पाणी शिंपडायचं आणि आठव्या दिवशी उलगडून किती नीट उगवले ते मोजायचे. सत्तर किंवा वर आले तर बियाणं पेरण्याजोगं. काम कंटाळवाणं आहे, माणसं दोन हंगामात पळून जातात. रोहिणीला ते फार आवडलं. ती दाणे मांडते तेव्हा ओळ इतकी सरळ येते की कृष्णराज पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवतो. एका वर्षी त्याच्या सख्ख्या चुलत्याचं बियाणं अठ्ठावन्न आलं. चुलते म्हणाले, “पोरी, साठ-सत्तर धर की, घरचंच हाय.” रोहिणी म्हणाली, “अठ्ठावन्न.” चुलते रागावले, हसले, पुन्हा रागावले. ती अठ्ठावन्नच म्हणत राहिली. शेवटी त्यांनी दुसरीकडून बी आणलं, आणि पुढच्या वर्षी पहिली गोणी घेऊन तिच्याकडं तेच आले.

कामाची कधीच अडचण नव्हती. अडचण होती ती घरापासून सव्वाआठच्या एसटीपर्यंत. पत्ते होते, पण दाराशी चांगुणाही होती. रोहिणी एखाद्या पत्त्यापाशी थांबली की ‘झालं का?’ असं चांगुणा हळूच विचारायची. लोकांना वाटायचं पोरगी आता आपली आपण जाते. खरं काय ते चांगुणाला ठाऊक होतं, आणि ‘माझ्या माघारी हिचं काय?’ या प्रश्नानं तिला कधी सुखाचा घास लागला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात तो प्रश्न दाराशी येऊन ठेपला. चांगुणाला गर्भपिशवीचा त्रास तीन वर्षं होता. दोनदा ऑपरेशन ठरलं, दोनदा तिनं पुढं ढकललं. या वेळी रक्त इतकं गेलं की डॉक्टरनी सोलापूरला लगेच भरती व्हायला सांगितलं. दहा दिवस. तेही जूनच्या तोंडावर, बियाण्याच्या तपासणीच्या ऐन गर्दीत. तिचा धाकटा भाऊ बुद्धघोष नळदुर्गला शिक्षक आहे. तो म्हणाला, “रोहिणीला आमच्याकडं ठेव, ताई.”

रोहिणी म्हणाली, “नको. तिथं सव्वाआठची कळंब गाडी नाही. गुंडाळ्या कोण मोजेल?”

मग असं ठरलं की रोहिणी घरीच राहणार, एकटी. समोरच्या सखूबाईनं संध्याकाळी भाजी-भाकरी आणून द्यायची, त्यातलीच सकाळी खायची. बाकी कशाला हात लावायचा नाही, सांगायचं नाही, विचारायचं नाही. ओट्यावर बसून बघायचं आणि रोहिणी निघाली की सोलापूरला फोन करायचा. सखूबाईला ही अट जिवावर आली. “लेकरू अडलं तरी बगत बसू व्हय?” तिनं विचारलं. “बगत बसा,” चांगुणा म्हणाली. निघताना तिला स्वतःलाच हे जमेल का, याची खात्री नव्हती.

पहिल्या दिवशी पावणेआठला फोन आला, “गेली.” दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, चांगुणा गुंगीत होती, पण बुद्धघोषनं तिच्या कानाशी वाकून सांगितलं, “गेली बरं का, ताई.”

पाचव्या दिवशी पावणेआठला फोन आला, गेली. आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी पुन्हा आला.

“चांगुणा, परत आली गं,” सखूबाई म्हणाली. पहाटेच्या वाऱ्यात रस्त्यावर बाभळ आडवी पडली होती, सव्वाआठची गाडी पलीकडंच अडकली होती. फाट्यावरचे बाकीचे लोक कुणाच्या ना कुणाच्या मोटारसायकलवर बसून आडवाटेनं गेले. रोहिणीलाही दोघांनी विचारलं. पण अनोळखी गाडीवर बसायचं नाही, असं चांगुणानंच शिकवलं होतं. पाऊण तास उभी राहून ती घरी आली होती.

आज आठव्या दिवसाच्या चौदा गुंडाळ्या उघडायच्या होत्या, हे रोहिणीनं चांगुणाला ती सोलापूरला जाण्याआधी तीनदा सांगितलं होतं. त्या आजच मोजल्या पाहिजेत. आता पोरगी एका जागी उभी राहील, संध्याकाळपर्यंत. “काय करायली ती?” तिनं विचारलं.

“हितनं दारातनं दिसायली. भिंतीपाशी उभी हाय.” मग सखूबाईचा आवाज बदलला. “अगं, पत्ते सुलटे करायली. सगळे. येक येक करून.”

“आनि?”

“अंथरूण काढलं. टाकलं. आता झटकायली.”

चांगुणाला क्षणभर काही समजेना. मग समजलं, आणि तिनं बुद्धघोषचा हात धरला. साखळी फाट्यावर तुटली होती. मधूनच जोडायची कशी, हे रोहिणीला सापडत नव्हतं. म्हणून ती पहिल्यापासून पुन्हा सुरू करत होती. अकरा दहाला दुसरी गाडी होती, फाट्यावरचं सगळं वेळापत्रक तिला पाठ आहे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या पत्त्यावर लिहिलं नव्हतं.

“पुन्यांदा आंगूळ करायली गं!” सखूबाई ओरडली. “सकाळीच केली की! सांगू का तिला, आंगूळ ऱ्हाऊ दे म्हणून? नुस्तं फाट्यावर जाऊन बस म्हणून?”

बुद्धघोष फोन मागत होता. “मी बोलतो तिच्याशी. एवढं सगळं परत कशाला?”

चांगुणाचे ओठ उघडले होते. ‘सांगा’ एवढंच म्हणायचं होतं. सत्तावीस वर्षं ती हेच करत आली होती. तिनं ओठ मिटले. टाके ठणकत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ती म्हणाली, “न्हाय. कुणी बोलायचं न्हाय. नुस्तं बगा आनि मला सांगा.”

मग सोलापूरच्या त्या खाटेवर दीड तास एक सकाळ दुसऱ्यांदा उजाडत गेली. वेणी घातली. चहा केला. टोपल्यापाशी मात्र रोहिणी थांबली, कारण भाकरी सकाळीच संपली होती आणि पत्त्यावर ‘भाकरी खा’ असं होतं. सखूबाई कासावीस झाली, तिच्या चुलीवर ताजी भाकरी होती. “नेऊ का गं? नेते की!” चांगुणानं फोन तेवढा कानाशी दाबून धरला. एक मिनिट गेलं, दोन गेली. “टोपल्यात हात घातला,” सखूबाई म्हणाली. “तळाचा चुरा गोळा करायली. खाल्ला. चिमूटभर खाल्ला आनि ताट घासायला घेतलं बग!” चांगुणा हसली, आणि हसल्यामुळं पोटात कळ आली.

पावणेअकराला कुलूप लागलं. रोहिणीनं ते तीनदा ओढून बघितलं आणि ती गेली.

बारा वाजता कृष्णराजचा फोन आला. “मावशी, पोचली ती. गुंडाळ्या मोजायला बसलीय. उशीर का झाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, आज सकाळ दोनदा झाली.” तो हसत होता. चांगुणानं बुद्धघोषकडं पाहिलं. तो चष्मा काढून पुसत होता, आणि शाळेत पोरांना कधी दाखवत नाही तसा चेहरा करून बसला होता.

पुढचे दिवस सुरळीत गेले. अकराव्या दिवशी, रविवारी, बुद्धघोषनं चांगुणाला गाडीतून आणून दारात उतरवलं. रोहिणीनं आईच्या हातातली पिशवी घेतली, जागेवर ठेवली, पाण्याचा तांब्या आणून दिला. गळ्यात पडणं, रडणं, असलं काही नाही; ते तिच्यात नाही आणि चांगुणानंही कधी मागितलं नाही. सखूबाई आली, तिनं दहा दिवसांचं कौतुक एका दमात सांगून टाकलं. चांगुणा खाटेवर टेकली. घर आवरलेलं होतं.

रोहिणी समोर येऊन उभी राहिली. बोलताना ती भिंतीकडं बघते, तशीच बघत तिनं विचारलं, “आई, तू पुन्हा कधी जाणार?”

सखूबाईनं हातातला कप खाली ठेवला. “अगं ये! आसं इचारत्यात व्हय आईला? टाके सुकले न्हाईत तिचे आजून!”

चांगुणालाही ते लागलं. दहा दिवस जीव टांगणीला लावला होता, त्याचं हे फळ? “का गं?” तिनं विचारलं. “म्या नगंशी झाले व्हय तुला?”

“नाही. तू हवी आहेस,” रोहिणी म्हणाली. “पण तू असलीस की ‘झालं का, झालं का’ म्हणतेस. मग मला पुढचं सापडत नाही. तू नव्हतीस तेव्हा पुढचं काय आहे ते मला आतून ऐकू येत होतं.”

माझ्या माघारी हिचं काय, हे चांगुणानं डॉक्टरांना विचारलं होतं, भावाला विचारलं होतं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर बसून विचारलं होतं. कुणालाही उत्तर देता आलं नव्हतं. ते उत्तर आज पोरीनं न विचारता दिलं होतं, आणि इतकं सुख चांगुणाला आयुष्यात फारसं मिळालं नव्हतं. तिला रडू फुटलं. सखूबाईला वाटलं, बोलणं लागलं. ती रोहिणीला रागवायला उठली, तर चांगुणानं हातानंच तिला खाली बसवलं.

“जाते की,” ती डोळे पुसत म्हणाली. “टाके सुकू दे, पुढल्या म्हयन्यात नळदुर्गाला मामाकडं जाते. चार दिवस.”

रोहिणीनं कॅलेंडरकडं पाहून हिशेब केला.

“आठ दिवस जा,” ती म्हणाली.